पेव

मिरजेहून स्कूटरवर बर्फाची पेटी घेऊन
हरिपुरात पोचते तेव्हा साडेसहा झालेले असतात.
पायगोंडा अण्णा उपाशीपोटी, बाही वर सारून
ओट्यावर तयार.
"नर्सबाई, मारा परखी."
मी नर्स नाही. आता ते सांगत बसत नाही.

चाळीस वर्षं हळदीच्या सौद्यात उभे राहिलेले.
पोत्यात परखी खुपसायची, मूठभर माल काढायचा,
हळकुंड कट्टकन मोडून आतला रंग बघायचा
आणि अख्ख्या गाडीचा भाव बोलायचा.
"पण तोंडाशी एक माल असतो," सुई शिरताना म्हणतात,
"बुडाशी दुसराच."

जांभळं टोपण. पिवळं टोपण.
नळ्या बर्फात.

मग डॉक्टरांनी दिलेला कागद.
तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा:
चिमणी, कुलूप, लिंबू.
आता शंभरातून सात-सात वजा करा.
झरझर उतरतात, त्र्याण्णव, शहाऐंशी,
एकोणऐंशीवर थांबून विचारतात,
"अडत धरून?"

गेल्या आठवड्यात मन उदास होतं का?
हो किंवा नाही.
अण्णा परसाकडे बघतात.
तिथं पेवाच्या तोंडावर फरशी, फरशीवर शेवंतीच्या कुंड्या.
पूर आत शिरला त्या साली
तीनशे पोती खाली कुजली.
"हो लिहू?"
"लिहा काय लिहायचं ते."
आणि ते तीन शब्द?
"कसले शब्द?"

रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह एकशे अडतीस,
होमोसिस्टीन दुप्पट, डी तळाला.
मुलगा केवढा खूश.
"म्हणजे हे म्हातारपण नाही, कमतरता आहे,"
तो दोनदा म्हणाला,
दुसऱ्यांदा माझ्याकडे बघत.
मी पेटीचं झाकण लावलं. ते नीट लागतच नाही.

आज पाचवं इंजेक्शन.
कापूस दाबून धरलाय, आणि अण्णा एकदम,
"चिमणी."

"पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, बाई.
आत हवा कोंडलेली असते. माणूस जातो.
आधी दोरीला बांधून चिमणी खाली सोडायची.
विझली, तर थांबायचं."

मी पाखरू म्हटलं होतं.
याला गुण द्यायचा का,
ते कागदावर कुठंच नाही.
आतून त्रिशलावहिनी विचारतात,
चहा बिनसाखरेचाच ना?
अण्णा अजून दोरी सोडतायत,
हातभर, आणखी हातभर.