शिकलगारांचं कुलूप

शिरोलीच्या फौंड्रीत, पॅनेल रूमच्या कोपऱ्यात,
मी मशीन चालू करते, बंद करते, चालू करते.
भिंतीवर खडूच्या रेघा, एकोणचाळीस वेळा ठीक.
चाळिसाव्या वेळी पडदा थिजतो.

ड्रायव्हर मी लिहिलेला. मॉड्यूलचं नाव 'वाळू'.
मशीन जागी होताना दोन कोअर
एकाच क्षणी तेच मागतात : वाळू हवी.
पहिला लोड करायला घेतो, यादीत नाव टाकतो.
दुसरा यादी वाचतो, म्हणतो, नाव तर आहे,
आणि सरळ आत हात घालतो
जिथं अजून काहीच मांडलेलं नाही.

कुस्ती पुकारली म्हणून
पैलवान मातीत उतरलेला नसतो.
तो अजून आडोशाला लंगोटाची गाठ मारतोय
आणि इकडं समोरचा
हवेचाच पट काढायला झेपावलाय.

पाळत ठेवावी म्हणून
प्रत्येक ओळीमागं एक ओळ छापायला लावली.
दीडशे वेळा सुरळीत.
छापण्यात जेवढा जीव गेला
तेवढ्यात गाठ मारून होत होती.
छपाई काढली. थिजलं.
"आमच्या म्हशीगत हाय," उमाजी म्हणाला,
"वैरण घिऊन समोर हुबं ऱ्हायलं की गरीब,
पाठ फिरली की लाथ."

मग कुलूप घातलं.
आत एक जण, बाकीचे उंबऱ्याशी झोपून,
आतला बाहेर येऊन उठवेपर्यंत.
चार दिवस नीट चाललं.
पाचव्या दिवशी पुन्हा थांबलं, पण हे थांबणं निराळं :
काही कोसळलं नव्हतं.
सगळे दाराशी रांगेत,
कुलूप लागलेलं,
आत कुणीच नाही.

त्याच रात्री मेन स्विचलाही कुलूप,
आणि हमीद शिकलगार फिटर
चावी खिशात घालून घरी गेलेले.
लाइन बंद. भट्टीतला रस निवायला लागलेला.
सुपरवायझर कटर शोधत होता.
मी म्हटलं थांबा, आणि मोपेड काढली.

पंचगंगेच्या पुलावर बोटं गारठली.
कसबा बावड्यात शिरताना
कारखान्याच्या मळीचा वास, आंबूस, ओळखीचा.
चाचांनी दार उघडलं.
डाव्या अंगठ्याला चिंधी, चिंधी लाल.
"पत्रा लागला. रगत थांबंना,
मधनंच निघालो. कुलपाचं ध्यानच ऱ्हायलं नाही."

मधूनच.
मी उंबऱ्यातच उभी राहिले.
मेमरी मिळाली नाही की माझं फंक्शनही
मधूनच परत फिरतं,
चूक झाली एवढं सांगतं आणि जातं.
चावी त्याच्या खिशात.

"द्या चाचा, मी काढते कुलूप."
"चावी द्यायची नसती पोरी.
ज्यानं लावलं त्यानंच काढायचं.
आत कुणाचा हात असला, तर तुला काय म्हाईत?"
त्यांनी चपला घातल्या. मफलर शोधला, सापडला नाही,
टॉवेल गुंडाळून मागं बसले.

परतताना मी मनात
माझ्या फंक्शनच्या बाहेर पडायच्या वाटा मोजत होते.
तीन धरल्या होत्या. पुलाच्या अलीकडंच चौथी आठवली,
आणि हात आपोआप पिळला गेला.

"हळू घे," मागून आवाज आला.
"घाईनंच अंगठा गेलाय."