पुठ्ठा

सुपरचार्जर म्हणजे काय, हे परभणीत जिंतूर नाक्यावर
कुणालाच ठाऊक नव्हतं.
डॉक्टर देवणीकरांची गाडी निळा धूर सोडत आली
तेव्हा टपरीवरचे म्हणाले, पंखा हाय का काय त्याच्यात?
मी म्हणालो, इंजिनाला हवा दाबून पाजायचं यंत्र.
बेल्टवर फिरतं. पोटात दोन पीळदार रूळ,
केसभर अंतर राखून
जन्मभर एकमेकांना न शिवणारे.

शहरात तीनदा सील बदललं होतं.
तीनदा तेल गळालं.
तिसऱ्यानं तर लाल सिलिकॉन थापलं होतं,
सारवल्यासारखं.

मोईनोद्दीन मिस्त्रींचे हात आता थरथरतात.
खुर्चीतून ते नुसते सांगतात:
आधी डिझेलनं धू. कोरडं पूस.
शाळेतून खडू आण, कुटून फुंक त्याच्यावर.
ओलं कुठून फुटतं ते खडू सांगंल,
तू नको सांगू.

मग शाफ्टवर नख फिरवायचं, डोळे मिटून.
अडलं तर चर पडलाय समज.
माझं नख अडलं नाही.

मग सील कामून फेकतंय, उस्ताद?
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
त्याचं नाक बघितलं का कुणी?

ब्रीदर काढला.
काळ्या रानाची धूळ तेलात मळून
आत घट्ट बसली होती, शेंगदाण्याच्या लाडवासारखी.
तारेनं ढोसली. हवा मारली.
तीन सिलं बिचारी उगाच बदनाम.

चौथं बसवताना ओठाला तेल लावलं,
कोरडा ओठ पहिल्या फेऱ्यातच जळतो.
हातोडा नाही. त्याच मापाचा पाइप कापून
चहूकडून सारखं दाबलं.
तेल खुणेपर्यंत.
खुणेच्या वर ओतशील तर ते
वाट काढंलच, मुंजाजी.

रात्री लिंबाखाली गाडी लावली,
खाली फरशीच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा सरकवला.
झोप कसली.

फटफटताना येऊन वाकलो.
पुठ्ठ्यावर डाग. गोल. तपकिरी.
पोटात खड्डाच पडला.
बोट लावलं. चिकट. नाकाशी नेलं.

चहा.

कपाच्या बुडाचा अख्खा गोल,
शेजारी धुळीत टेकलेल्या दोन गुडघ्यांच्या खुणा
आणि मशिदीकडून इथवर आलेली
एक पाय ओढणारी चप्पल.