जळकी वाळू

देसूरच्या फाट्याला डंपर रिता झाला
आणि मी सायकलवरनं उतरलो.
काळी, भुरभुरीत,
मूठ आवळली की आकार धरणारी,
उघडली की बोटांचे वळ दाखवणारी.
नाकाला लावली.
कोळशाची पूड, बेंटोनाइट, जळकी राळ.
उद्यमबागेतली. आमचीच.

एकतीस वर्षं हिला पेटीत भरली मी,
धुम्मस मारली,
सळईनं भोकं पाडून वाफेला वाट दिली
आणि मग वरनं लोखंडाचा रस.
पंपाची घरं, व्हॉल्व्हचे गळे, ट्रॅक्टरचे हब.
निवलं की साचा फोडायचा.
फोडल्याशिवाय माल निघत नाही, नियमच तो.
दिवसाला साठ साचे.
एकतीस वर्षांचे किती, ते कोण मोजत बसतंय.

फोडलेली वाळू जायची कुठं?
भिंतीमागं. तिथनं नाल्यात.
आषाढात नाला शाईसारखा,
आणि खालच्या अंगाला शिवाप्पा हलगेकराचं भात
राखाडी पाण्यात घोट्यापर्यंत उभं.
गेटावर येऊन तो आम्हाला शिव्या द्यायचा,
आम्ही मालकाकडं बोट करायचो,
मालक कुणाकडं करायचा ते आम्हाला दिसलं नाही.

आता ती इथं, खडीच्या खाली वीतभर जाड.
तपासायला एक पोरगी येते, गिरिजा मठपती,
हेल्मेटखालनं आबोलीचा गजरा लोंबतोय.
रस्त्याला भोक पाडते, काळी वाळू उकरून तोलते,
मग त्याच भोकात पांढरी, स्वच्छ वाळू ओतून
काळी किती दाबली गेली ते मोजते.
वाळूनं वाळू मोजायची. बघतच राहिलो.
मी म्हटलं, धुम्मस कमी पडली बघ हितं.
ती म्हणाली, दम्मस?
हां, तेच की.
तिनं वहीत लिहिलं. तिच्या लिपीत.
दस्तगीरनं रोलर माघारी घेतला.

वरच्या थराला खासबागच्या रेणव्वाच्या पिशव्या.
दुधाच्या वेगळ्या, शेवया कापाव्यात तशा बारीक केलेल्या.
गुटख्याच्या पुड्या ती बाजूला फेकते:
चमक असते तिथं खोट असते, म्हणते.
तापल्या खडीवर शेवया पडतात, वितळतात,
खडी तुळतुळीत होते, मग डांबर.
रेणव्वा एकदाच आली बघायला.
चप्पल काढून पाय टेकवला, चटका बसला, हसली.
"माझं दूध उतू गेलं की रे," म्हणाली.

मी मात्र नाल्याचंच विचारलं.
पाऊस पडला तर हिचा काळा पाझर उतरेल का विहिरीत?
गिरिजानं लगेच नाही म्हटलं नाही.
पिशवीतनं दोन बाटल्या काढल्या,
एक कामाआधीची, एक परवाची.
दोन्ही सारख्याच दिसल्या.
"दिसण्यावर जाऊ नका अज्जा,
पावसाळ्यानंतर तिसरी भरायची आहे."
हे उत्तर मला पटलं.
खात्री देणारे लय बघितलेत.

शिवाप्पा असता तर म्हणाला असता,
माझ्या रानातनं उचलली असती आधी.
खरं आहे. ती अजून तिथंच आहे,
नांगराला लागते.

सांजच्याला रोलर थांबला.
मी सायकल हातात धरून नव्या थरावरनं चालत गेलो.
पायाखाली नेहमीचाच दाब, पेटी भरून झाल्यावरचा,
धुम्मस टणकन् माघारी येते तेव्हाचा.
हात आपसूक वर गेला, रस कधी येतोय बघायला.
समोरनं दुधाचे कॅन लावलेली एम-एटी आली,
मागं शाळेच्या पोरी, तिघी एका सायकलवर,
दोघी मराठीत भांडत, एक कानडीत.
ह्या साच्यात हेच ओतायचं असणार.

आणि हा फोडायचा नाही.
पुढल्या साली पाइपलाइनवाले येतील, ते सोडा.