ना हरकत

शिवाजीनगर कोर्टासमोर, झेरॉक्सच्या गरम वासात
ओस्तवाल नोटरींचं टेबल.
"शंभराचा बंद झाला मॅडम, आता पाचशेचाच."
पाचशेचा घेतला.
पिशवीत ऋजुताचा जन्मदाखला, पासपोर्टची प्रत,
शाळेचं पत्र: फ्रायबुर्ग, तीन आठवडे,
जर्मन कुटुंबात मुक्काम, अंडं चालतं, बाकी नाही.
सगळ्यात अवघड कागद अजून यायचा होता,
मेट्रोने, वनाजकडून.

तो आला. वेळेवर.
स्वतःचं पेन घेऊन आला.
लग्नाच्या रजिस्टरवर त्याने माझ्या मामाच्या पेनाने सही केली होती
आणि ते पेन मामाला परत मिळालं नव्हतं.

टायपिस्ट मुलगी स्क्रीनवरून नजर न काढता विचारत गेली.
वडिलांचं नाव?
हेरंब.
वय?
सत्तेचाळीस.
राहणार?
त्याने फ्लॅट नंबर सांगितला, मजला सांगितला,
मग जरा थांबून इमारतीचं नाव.
'सहवास'.
मुलगी हसली नाही.
मीही नाही. पण माझं ओठ आवळणं त्याने पाहिलं.

"मुलीची ओळखखूण?"
"उजव्या गुडघ्याखाली व्रण," मी म्हटलं.
"डाव्या भुवईवर," तो म्हणाला, त्याच क्षणी.
मुलीची बोटं कीबोर्डवर अधांतरी.

भुवईवरचा मला माहीत होता,
पाळणाघरातली घसरगुंडी, तोच घेऊन धावला होता,
शर्टावरचे डाग कधी गेले नाहीत.
गुडघ्याचा त्याला माहीत नव्हता.
महिन्यातून दोन रविवार ती त्याला भेटते,
जीन्समध्ये.

"हा कधीचा?"
"चौथीतला. एआरएआयच्या उतारावरून सायकल. पाच टाके."
"नेलं कोणी?"
"रिक्षावाल्याने. पैसे घेतले नाहीत त्याने."
यावर तो काहीच बोलला नाही.
समोरच्या रिक्षांच्या रांगेकडे बघत राहिला,
जणू त्यातलाच एखादा असेल.

"एक लिहू का दोन्ही?"
"दोन्ही लिहा."
हे तो म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत.

मजकूर इंग्रजीत.
ओस्तवालांनी शिरस्त्याप्रमाणे मराठीत सांगितला:
"थोडक्यात, मुलीच्या परदेशी जाण्याला
तुमची काही हरकत नाही."

हरकत नाही.
हे तर त्याचं पालुपद.
मामेसासरे महिनाभर राहायला येताहेत, हरकत नाही.
मीठ कमी पडलंय, हरकत नाही.
मी ऋजुताला घेऊन वेगळी राहते म्हटलं
तेव्हाही तो पाण्याची बाटली भरत होता,
बाटली भरली, झाकण लावलं,
हरकत नाही.
नऊ वर्षं मनात हेच की
एकदा तरी घ्यायचीस रे.
आरडाओरडा नको होता. नुसतं, का, एवढंच.

आता त्याच्या पेनाचं टोपण उघडं
आणि सही होत नव्हती.
तो ओळ पुन्हा वाचत होता, ओठ हलवत,
चश्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांशी धरून.
मागे भाडेकराराचं एक जोडपं घड्याळ बघायला लागलं.
"साहेब, काही अडचण?"

"तीन आठवडे..." तो म्हणाला.
माझ्याकडे नाही, कागदाकडेच बघून.
"तीन आठवडे जरा जास्तच होतात, नाही?"

मी उत्तर दिलं नाही.
ते वाक्य तिथेच टेबलावर राहू दिलं,
शाईच्या पॅडशेजारी, थोडा वेळ.

मग त्याने सही केली.
एरवीची ती रेघोटी नाही,
पूर्ण नाव, शाळेतल्यासारखं, चांदोरकरमधल्या च पासून र पर्यंत.
दोन शिक्के. नोंदवहीत माझी सही, त्याची सही,
एकाखाली एक.
"लॅमिनेशन करू नका मॅडम," ओस्तवाल म्हणाले,
"शिक्क्यावर हात फिरवून बघतात लोक."

घरी ऋजुताने कागद उताणं पडून वाचला.
"दोन खुणा कशाला?"
"बाबाने सांगितलं."
तिने भुवई चाचपली.
"त्याने पूर्ण वाचलं का गं?"
"वाचलं."
"किती वेळ?"
"मागचे लोक वैतागले," मी म्हटलं, "इतका."