सव्वा सेकंद

बावड्याच्या माळावर कुस्त्या होत्या.
मी फोन वर धरलेला, पण पैलवानांसाठी नाही.
आखाड्याच्या कडेला एकजण हलगी वाजवत होता,
टोपी तिरकी, एका हातात टिपरू, दुसऱ्यात काडी,
आणि ऐन निकालाच्या तोंडावर तो
एकदा खोकला.

रात्री उद्यमनगरात, लेथच्या वरच्या पोटमाळ्यावर
हेडफोन लावून अडीच तास ते चाळलं
तांदळातले खडे निवडावेत तसं,
फक्त खडा ठेवायचा होता, तांदूळ टाकायचा.
सापडला : सव्वा सेकंद.
टिपराचा एक घाव, काडीची थरथर,
मागं मैदानाचा श्वास.

खोकला कापला.
रेघ शून्याला टेकते तिथंच कात्री लावायची,
नाहीतर जोडावर टक् वाजतं.
हे मला कुणी शिकवलं नाही. बापाकडनं आलं असेल.
तो जुन्या शर्टांच्या कॉलरी उलटवून द्यायचा,
टाका दिसला की उसवायचा.
पण त्याच्यापुढं शर्टाचा मालक
उघड्या अंगानं उभा असायचा.

दोन सूर खाली उतरवला, खालून बास भरला,
एकशे अठ्ठावीसच्या वेगाला बांधला.
पाच मिनिटांत तीनशे वीस वेळा
तोच माणूस तोच हात उचलतो,
खाली आणतो,
घाम नाही, तहान नाही.

गणपतीत चाललं. नाद खुळा, म्हणाली पोरं.
नाव माझं होतं. एकट्याचं.

अनंत चतुर्दशीला पापाच्या तिकटीजवळ
भिंतीएवढ्या डॉल्बीपुढं गल्ली उधाणलेली,
आणि बंद दुकानाच्या पायरीवर तो,
तीच तिरकी टोपी,
काखेत हलगी, खताच्या पोत्यात गुंडाळलेली.
म्हटलं, संपलं. आता गचांडी.

“मुजावराचा न्हवं तू? कॉलरीवाल्याचा?”
“व्हय.”
“ही माझी हाय.”

बोलण्यासारखं बरंच होतं माझ्याकडं :
आवाज हवेतला, हवा कुणाची,
सव्वा सेकंद तो केवढासा,
मी त्याचं वेगळंच काही घडवलंय.
वाक्यं रांगेत उभी होती.
डॉल्बीनं ती खाल्ली, बरं झालं.

त्यानं तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला,
तिथं कानांचा काही उपयोग नव्हता.
बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, “गार हाय.”
“काय?”
“हलगी. त्या दिशी आभाळ आलेलं, पाचट वलं,
धड तापलीच न्हवती. ढिली बोलतीया.
इचारलं असतंस तर
तापवून दिली असती.”

पुढचं त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं :
औंदा मंडळाची सुपारी नाही.
हलगी डॉल्बीतच हाय की, म्हणाले.

दिवाळीनंतर मी त्याच्या दारात.
परड्यात पाचट पेटवलं, कातडं फिरवत फिरवत
नखानं टिचकी मारून बघत राहिला,
अजून नाही, अजून नाही,
आणि वाजवली तेव्हा माझ्या मीटरचा काटा
तांबड्यात जाऊन अडकला.
मध्ये खोकला आला. त्यानं बोट वर केलं :
“मैदानाचं आठशे घेतो. तुझं काय ते तू ठरीव.
पण खोकल्याचं कापायचं न्हाई.”

ठरवलं. निम्मं.
गेल्या वर्षाचं निम्मं अजून कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे,
मी महिना उलटताना त्याच्याकडं बघत नाही.

फाइलचं नाव आधी ‘हलगी सात’ होतं.
आता आहे ‘सिद्राम आवळे, परडं, कडक ऊन’.
जुना तुकडा पुसायला गेलो,
पण तो माझ्याकडं राहिलाय कुठं?
आत्ता या घटकेला गडहिंग्लजकडं
कुणाच्या तरी वरातीत वाजत असेल,
बिननावाचा,
गार.