वेयासची

घरमालकीण वत्सलाबाई नेहेते पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"कोन्त्या गावची वं माय?"
मी म्हटलं, वेळास.
"वेयास," त्या म्हणाल्या,
जणू चुकलेलं दुरुस्त करून दिलं.

तेव्हापासून यावलच्या सरकारी दवाखान्यात
औषधांच्या खिडकीमागे बसते ती
वेयासची बाई.
इथे जुन्या जिभांवर ळ टिकत नाही.
केळी केयी होते, काळी माती कायी,
आईने पार्सलने धाडलेले नारळ
दार उघडून आत येईतो नारय.

पहिले काही दिवस मी दिशा चुकत राहिले.
आमच्याकडे समुद्र असेल ती पश्चिम,
बाकी तीन तिच्यावरून मोजायच्या.
इथे सगळे उत्तर धरून चालतात.
सातपुड्याकडे तोंड केलं
की उजव्या हाताला बाजार, पाठीमागे तापी,
आणि हरवायला फारशी जागा उरत नाही.

रात्री केळीच्या बागेत वारा शिरला
की फाटकी पानं अशी वाजतात
की मी दोनदा धावत जाऊन
दोरीवरचे कपडे आत आणले.
वर आभाळ ठणठणीत, चांदण्या मोजून घ्याव्यात इतकं.
ओट्यावर वत्सलाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.
"पानी नाही वं, केयी बोलते."

डिसेंबरात जुनी स्कूटी घेतली.
पालच्या जंगलात रमजान तडवी, वनमजूर,
बोट न दाखवता नुसती हनुवटी उचलतो:
अंजनाच्या फांदीवर, भर अकरा वाजता,
मुठीएवढा रानपिंगळा.
घुबड असून उन्हात बसलेला,
ड्युटी बदलून मिळाल्यासारखा.
त्याने मान फिरवून आम्हाला पाहिलं
आणि आमच्यात काही नाही असं ठरवून
पुन्हा सागाच्या वाळल्या पानांत सरडा शोधू लागला.
रमजानने श्वास सोडला तेव्हा कळलं,
मीही धरून ठेवला होता.

पुढच्या रविवारी मागच्या सीटवर वत्सलाबाई.
डब्यात वांग्याचं भरीत, कायन्याच्या पुऱ्या,
कांद्याची पात वेगळी, ओल्या फडक्यात.
भरीत त्यांनी पहाटे
कपाशीच्या काड्यांवर भाजून बडगीत ठेचलेलं;
फैजपूर, सावदा, सगळ्या रस्त्याला
लसणाचा वास आमच्या पुढे पुढे.

हतनूरच्या पाणपसाऱ्यावर धुकं उठत होतं.
मी दुर्बीण दिली, त्यांनी उलटी धरली.
"लई लांब गेली पाखरं."
मग सुलटी धरली, आणि गप्प.
करड्या अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे,
पट्टकादंब.
हिमालय ओलांडून येतात, मी सांगितलं.
"तिकीट?"
पलीकडे चक्रवाकांची जोडी,
नदीसुरय पाण्यावर टाचण्या मारत
(याचा य मात्र मुळातला),
आणि दगडावर ऊन खाणारं एक कासव,
आमच्या कासवांपुढे ताटलीएवढं,
तरी मला उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

"माहेर इथून चार कोसावर," त्या म्हणाल्या,
दुर्बीण डोळ्यावरून न काढता.
"एकसष्ट वर्सं झाली.
पाखरं पाहाले जाते, असं घरात सांगाचं कसं?"
आज काय सांगून आलात?
"साखर तपासाले."

सोमवारी त्यांचा मुलगा खिडकीशी उभा.
मॅडम, आईचा रिपोर्ट?
मी खाली पाहून गोळ्या मोजत राहिले.
उपाशीपोटीची नीट घ्यावी लागेल, म्हटलं,
पुढच्या रविवारी पुन्हा आणा.
पहाटे. थोडं लवकरच.