चौथा विषय : अर्धमागधी

खिडकीतल्या पेडणेकरांनी फॉर्म न बघताच सांगितलं,
"अर्धमागधी घे. मार्क पडतात."
इंग्रजी, तर्कशास्त्र, फ्रेंच लिहून झालं होतं,
चौथ्या रेघेवर मी पेन चावत उभी,
मागे जिन्यापर्यंत रांग.
घेतली.

मग रोज सकाळी साडेसात ते अकरा,
धोबीतलावाच्या त्या दगडी इमारतीत
आम्हांला असं सगळं शिकवलं गेलं
जे "पाहिजेत"च्या जाहिरातींत कधीच कुणाला नको होतं.

वाच्छाबाई म्हणत, फ्रेंचमध्ये
शेवटची अक्षरं लिहायची, बोलायची नाहीत.
मला सोपं गेलं.
आमच्या ठाकुरद्वारच्या खोलीत
आई-बाबांचं हेच व्याकरण होतं.

केणी सरांच्या तासाला रोज कुणीतरी मरे.
पुस्तकातला ग्रीक त्यांना फार जुना वाटायचा,
ते हजेरीपटावर बोट ठेवत :
सर्व माणसे मर्त्य आहेत.
जयराम नाखवा माणूस आहे.
म्हणून?

शेवटच्या बाकावरून नाखवाच ओरडे,
"म्हणून जयराम नाखवा आज गैरहजर, सर!"
सर खडू खाली ठेवून हसत. हसून झालं की,
"निष्कर्ष वैध नाही. खरा मात्र असू शकतो.
वैध वेगळं, खरं वेगळं. लिहून घ्या."
आम्ही लिहून घेतलं.

अर्धमागधीला तिघंच. मी, माझगावचा नाखवा,
आणि पायधुनीची निरंजना शहा,
जिच्या घरी ही भाषा रेशमी फडक्यात गुंडाळून
वरच्या फळीवर ठेवलेली असे.
चौगुले सर सांगलीकडचे. संस्कृतातली जोडाक्षरं
शेंगा फोडाव्यात तशी फोडत :
हस्ताचा हत्थ, अग्नीचा अग्गि.
"लोकांची तोंडं आहेत ती. कठीण ते मऊ करणारच."

एके दिवशी मत्स्य आला. मच्छ.
नाखवा उभाच राहिला. "सर, ही अर्धमागधी
माझी आय रोज धक्क्यावर ओरडून विकते!"
"मग तिला परीक्षेला बसव," सर म्हणाले,
"तुझ्याआधी पास होईल."

त्याच पानावर, खाली : मृत्यू. मच्चु.
सरांनी खिशातून बसचं तिकीट काढून ओठांपुढे धरलं.
च म्हणाले. तिकीट स्थिर.
छ म्हणाले. तिकीट थरथरलं.
"फरक एवढाच. एका श्वासाचा."

चाचणीत नाखवानं उलटं लिहिलं.
मच्चु म्हणजे मासा.
लाल पेन्सिलीचा गोल, आणि समासात :
श्वास!

दिवाळीच्या सुटीत तो बापाबरोबर होडीवर गेला.
होडी परत आली.

नोव्हेंबरपासून केणी सर पुन्हा
त्या ग्रीकालाच मारू लागले.
चौगुले सर दोन नावं पुकारत
आणि तिसऱ्याएवढं थांबत,
मग वही मिटत.
गठ्ठ्यातला तो पेपर मी उचलला. चोरीच म्हणा.
अजून आहे, कडा तेवढ्या तपकिरी झाल्यात.

मला एकाहत्तर पडले. पेडणेकर खोटं बोलले नव्हते.
टेलिफोन खात्याच्या मुलाखतीत एका साहेबानं विचारलं,
अर्धमागधीचा इथे काय उपयोग?
काही नाही, सर, मी म्हटलं.
ते उत्तर वैध होतं.
पुढे एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून
परक्या माणसांचे श्वास एकमेकांना जोडून दिले.

परवा निरंजनाचा फोन. कॉलेजनं तो विषय बंद केला म्हणे.
शिकायला कुणी नाही म्हणून, की शिकवायला,
ते तिलाही ठाऊक नव्हतं.
बराच वेळ आम्ही दोघी
फ्रेंचच्या शेवटच्या अक्षरांसारख्या.

बुधवारी ग्रँट रोडच्या बाजारात जाते मी.
"मच्छी कशी दिलीस?" विचारताना
छ पुरता सोडते, आत काही ठेवत नाही.
कोळीण वैतागते :
"फुंकता काय बाई? गरम नाय ते.
बर्फातलं हाय."